९९.०६ ला सीओईपी मिळेल का?

फोन बार्शीहून होता. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"सर, नव्व्याण्णव पॉइंट शून्य सहा. सीओईपी होतंय का न्हाई तेवढं सांगा."

जून २०२५ चा मध्य. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) ग्रुपचा निकाल नुकताच लागला होता. मुलीचे पर्सेंटाइल ९९.०६, आणि हवं होतं सीओईपी, पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो. तेव्हापासून दर जून-जुलैला ओळखीपाळखीच्या मुलांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, भरून द्यायला बसतो. पैसे घेत नाही, त्यामुळे माझा सल्ला डावलायलाही कुणाला जड जात नाही. हे प्रकरण मात्र मी वहीत शेवटपर्यंत लिहून ठेवलं, कारण यात मुलीच्या घरच्यांचे अंदाज चुकले आणि माझाही एक चुकला.

मुलीला इथे ऋतुजा म्हणू. नाव आणि काही खुणा बदलल्या आहेत. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, आई घरी, धाकटा भाऊ नववीत. बारावी बार्शीतच, पीसीएमला ८६ टक्के. जात मराठा, प्रवर्ग एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास). घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. तिला इलेक्ट्रॉनिक्समध्ये रस होता, आणि तो खरा होता: दुकानातला बिघडलेला वजनकाटा तिने दोनदा उघडून दुरुस्त केला होता. वडिलांना हवं होतं 'पुणे इंजिनिअरिंग'. १८५४ साली सुरू झालेलं हे कॉलेज २००३ ला स्वायत्त झालं आणि २०२२ पासून सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ म्हणून राज्याचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. तरी बार्शीत ते अजून पुणे इंजिनिअरिंगच आहे.

"होतंय का?" या प्रश्नाला घरच्यांनी आधीच "होतंय" असं उत्तर देऊन टाकलं होतं. त्याला आधार चार. एक, मावसभाऊ. त्याला २०२४ मध्ये ९९.०४ होते आणि सीओईपीत इलेक्ट्रिकल मिळालं. हिचे त्याच्यापेक्षा दोन शतांश जास्तच. दोन, मोबाइलवरचं एक भाकीत करणारं ॲप, ज्यात 'शक्यता ८२ टक्के' असं हिरव्या रंगात आलं होतं. तीन, आतेभाऊ. तो २०१५ ला प्रवेश घेतलेला इंजिनिअर. त्याचं म्हणणं, बारावीला ८६ म्हणजे कमी पडतील, ते धरूनच हिशेब करा. चौथा आधार म्हणजे गावातल्या एका सल्लागाराने पैसे घेऊन छापून दिलेली पर्यायांची यादी.

आतेभावाचा मुद्दा आधी निकालात काढला, कारण तो सोपा होता. तो खोटं बोलत नव्हता, जुनं बोलत होता. २०१४ आणि २०१५ ला राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांच्या निम्म्या-निम्म्या भारावर झाले होते. २०१६ पासून सीईटी परत आली. आता बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, आणि दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे निघाले तर तो तिढा सोडवताना बऱ्याच खाली कुठेतरी. ८६ असोत की ९६, ऋतुजाचा नंबर तोच राहणार होता. हे ऐकून फोनवर तिच्या आईचा आवाज जो खुलला, तेवढा नंतरच्या दोन महिन्यांत परत ऐकला नाही.

मावसभाऊ हे मात्र अवघड प्रकरण होतं. रक्ताच्या नात्यातला पुरावा कुणाला खोडता येतो?

तोच आकडा, लांब झालेली रांग

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मुलांना पाठ असतं, पालकांना नसतं. ९९.०६ म्हणजे आपल्या पाळीत बसलेल्यांपैकी ९९.०६ टक्के मुलं आपल्याइतक्या किंवा आपल्याखालच्या गुणांवर आहेत. परीक्षा अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते, प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा, म्हणून गुणांऐवजी हा आकडा. (त्या वर्षी २७ एप्रिलच्या सकाळच्या पाळीत गणिताच्या प्रश्नांतच चुका निघाल्या आणि ती परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. ऋतुजाची मैत्रीण त्यात सापडली होती. तिची धास्ती वेगळीच.)

आपल्यापुढे किती टक्के आहेत हे पर्सेंटाइल सांगतं. पण कॉलेजच्या जागा टक्क्यांत वाटत नाहीत, माणसांत वाटतात. म्हणून मी ऋतुजाच्या वडिलांना दुकानातला कॅल्क्युलेटर घ्यायला सांगितला आणि फोनवरच हिशेब करायला लावला. स्वतःच्या बोटांनी केलेल्या हिशेबावर माणसाचा विश्वास बसतो.

२०२४ ला पीसीएम ग्रुपची परीक्षा दिली सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी. मावसभावाच्या पुढे ०.९६ टक्के. गुणाकार केला तर साधारण २,८३० मुलं.

२०२५ ला परीक्षा दिली सुमारे ४ लाख २२ हजार मुलांनी. ऋतुजाच्या पुढे ०.९४ टक्के. साधारण ३,९७० मुलं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, "म्हंजे त्याच्यापेक्षा जास्त असून मागं?"

हो. अकराशेहून जास्त मुलांनी मागे. मावसभावाच्या ९९.०४ ला २०२४ मध्ये जी जागा होती, ती गाठायला २०२५ मध्ये ९९.३३ च्या आसपास लागले असते. परीक्षा देणारे चाळीस टक्क्यांहून अधिक वाढले, पण सीओईपीच्या जागा काही त्या पटीत वाढल्या नाहीत. ॲपचे ८२ टक्के कुठून आले तेही यातूनच कळलं. आदल्या वर्षीचे पर्सेंटाइल समोर ठेवून ते तुलना करत होतं. रांग लांबल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणून मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो, की निकालाच्या दिवशी शक्यता मोजायला बसू नका. कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी करा, कागद तपासून घ्या, आणि गुणवत्ता यादीत स्वतःचा मेरिट नंबर येईपर्यंत थांबा. तो नंबर वरच्या हिशेबापेक्षा थोडा सुधारून येतो, कारण सीईटी दिलेला प्रत्येक जण कॅपचा फॉर्म भरत नाही. ऋतुजाचा आला ३,७१८. तुलना करायची ती या नंबराची, तीही आदल्या वर्षीच्या कट-ऑफ यादीतल्या, म्हणजे जागा कुठल्या नंबराला संपल्या त्या यादीतल्या, मेरिट नंबराशी. त्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळ्यांची नजर कंसात जाते. बघायचं असतं वर.

कुठला रकाना आपला

पीडीएफ उघडली की जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस, एलओपनएस, जीएसईबीसीएस अशी अक्षरांची मालगाडी समोर येते. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं अक्षर जागा कुणाच्या त्याचं: एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांच्या, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यभरातल्या सगळ्यांच्या.

बारावी जिथून केली त्यावरून होम युनिव्हर्सिटी ठरते. बार्शी सोलापूर विद्यापीठात येते. त्यामुळे पुण्यातल्या खासगी कॉलेजांत, जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुलांसाठी मोठा वाटा असतो, ऋतुजा 'बाहेरची'. तिने एचचा रकाना बघून काही उपयोग नाही. आणि सल्लागाराची छापील यादी नेमकी एचच्या आकड्यांवरून केलेली होती. ती बहुधा पुण्यातल्या कुणासाठी बनवलेली असावी, वरचं नाव तेवढं बदललं असेल. सीओईपीत ही भानगड नाही. तिथे सगळं एस, राज्यभराची एकच रांग.

म्हणजे सीओईपीच्या प्रत्येक शाखेला ऋतुजासाठी चार दारं होती: खुल्या सर्वसाधारण जागा, खुल्यातल्या मुलींच्या, एसईबीसी सर्वसाधारण आणि एसईबीसी मुलींच्या. प्रवर्गातल्या मुलाचा किंवा मुलीचा विचार आधी खुल्या जागेसाठीच होतो, तिथे बसलं नाही तर राखीव. म्हणून राखीव रकाना सहसा खुल्याच्या अलीकडे बंद होत नाही. ऋतुजाचा शेवटचा आधार एलएसईबीसीएस, म्हणजे एसईबीसी मुलींचा रकाना, हाच होता.

इथे आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आली नव्हती. शेजारच्या वकिलांच्या मुलीला २०२३ मध्ये खुल्या प्रवर्गातून प्रवेश मिळाला होता आणि तिचा आकडाही चर्चेत होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के एसईबीसी आरक्षणाचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या प्रवेशापासून जागांची वाटणीच बदलली. त्याआधी आरक्षण ५० टक्के आणि खुल्या ५० होत्या. आता खुल्या ४०. २०२३ चा खुला रकाना आणि २०२५ चा खुला रकाना यांचं नाव एक असलं तरी आकार वेगळा. म्हणजे तुलनेला हाताशी राहिलं एकच वर्ष, २०२४. एका वर्षाच्या आकड्यावर भविष्य सांगायचं म्हणजे एका पावसावरून विहीर खोदायची जागा ठरवण्यासारखं आहे. पण दुसरं काही नव्हतं.

त्यातही जागा किती, हे मोजून बघा. ६० जागांची शाखा धरू. खुल्या सुमारे २४, त्यातल्या मुलींसाठी ७. एसईबीसीच्या ६, त्यातल्या ३० टक्के मुलींच्या, म्हणजे दोन. दोन जागा! त्या रकान्यातला शेवटचा नंबर म्हणजे राज्यातल्या एका मुलीने त्या वर्षी काय ठरवलं त्याची नोंद. ती आयआयटीला गेली, घरच्यांनी मुंबईलाच ठेवून घेतलं, किंवा तिने यादीत दुसरी शाखा वर टाकली, तर आकडा शेकड्यांनी हलतो. चोवीस जागांचा रकाना जरा स्थिर असतो, कारण एकाचं जाणं दुसऱ्याच्या येण्याने भरून निघतं.

हे मला माहीत होतं. मीच वडिलांना सांगितलं होतं. आणि तरीही माझा अंदाज इथेच चुकला, ते पुढे येईलच.

बार्शीतला रविवार

एका रविवारी मी बार्शीला गेलो. कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांना टेकून बसलो. तिघंही होते. ऋतुजाच्या हातात लॅपटॉप, वडिलांच्या हातात सल्लागाराची यादी, आईने चहा आणि चिवडा ठेवून दारात उभं राहणं पसंत केलं.

सल्लागाराच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पुण्यातल्या एका खासगी कॉलेजचं कॉम्प्युटर होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यावरही कॉम्प्युटरच, कॉलेजं वेगळी. सीओईपीची पहिली शाखा सातव्या क्रमांकावर. का, तर "मिळणारं आधी टाकायचं, म्हणजे सीट वाया जात नाही."

हा गैरसमज किती मुलांच्या मुळावर आलाय, सांगता येणार नाही. जागावाटपाची पद्धत अगदी साधी आहे. मेरिट नंबरानुसार एकेक मुलगा संगणकासमोर 'येतो'. त्याची यादी वरून खाली वाचली जाते. जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याची. वरची मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा हक्क कमी होत नाही. मेरिट नंबर ३,७१८ चा माणूस यादीत सगळ्यात वर सीओईपीचं कॉम्प्युटर टाको वा न टाको, दहाव्या क्रमांकाच्या जागेसाठी तो ३,७१८ च राहतो.

उलट, मिळणारं वर टाकण्यात त्या वर्षी खरा धोका होता. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा आला: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. एकदा फ्रीझ झालं की घ्या किंवा सोडा, पुढच्या फेरीत सुधारणा नाही. सल्लागाराची यादी तशीच भरली असती, तर ते खासगी कॉलेज पहिल्याच फेरीत मिळण्याची बरीच शक्यता होती. मिळालं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. सीओईपीचा विचारच झाला नसता. मग वर्षभर घरात म्हटलं गेलं असतं, नशिबातच नव्हतं.

मी यादी उलटी ठेवली आणि ऋतुजाला विचारलं, "उद्या सगळ्या जागा मोकळ्या आहेत आणि तुझा पहिला नंबर आलाय असं समज. काय घेशील?"

"ईएनटीसी. सीओईपी." म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन.

"कॉम्प्युटर?" वडील.

"नको."

"कॉम्प्युटर नको म्हणणारं लेकरू पयल्यांदा बगतोय," वडील म्हणाले. हसले नाहीत.

मीही हसलो नाही, कारण त्यांची काळजी पोकळ नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बापाचा मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरवाला आहे, आणि ज्यांचा नाही ते बोलत नाहीत. कोअर, म्हणजे कॉम्प्युटरबाहेरच्या, शाखेतून नोकरी कशी लागते याचं एकही उदाहरण त्यांच्या माहितीत नव्हतं. त्यावर बराच वेळ बोललो. इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय, हे सांगायला साखर कारखाना उपयोगी पडला. बॉयलरचं तापमान, वाफेचा दाब, रसाचा प्रवाह, हे सगळं मोजणारी आणि नियंत्रित करणारी यंत्रणा. "म्हंजे आपला काटाच की," वडील म्हणाले. अगदी.

शेवटी यादीचा वरचा भाग असा झाला: सीओईपी ईएनटीसी, सीओईपी इलेक्ट्रिकल, सीओईपी इन्स्ट्रुमेंटेशन, चौथ्यावर पीआयसीटी या पुण्यातल्या खासगी कॉलेजचं ईएनटीसी, पाचव्यावर सीओईपी मेकॅनिकल. त्याखाली सांगलीचं वालचंद, मग पुण्यातलीच आणखी काही, एकूण चौतीस पर्याय. तीनशेपर्यंत भरता येतात, पण चौतिसावर आम्हाला झोप यायला लागली, आणि ३,७१८ नंबराला त्याखाली जायची गरजही नव्हती.

प्रत्येकापुढे मी पेन्सिलीने अंदाज लिहिला. टक्के लिहीत नाही, दहात किती ते लिहितो. ईएनटीसी: दहात एक. इलेक्ट्रिकल: दहात तीन-चार. इन्स्ट्रुमेंटेशन: दहात सात, बहुतेक पहिल्याच फेरीत. पीआयसीटी: दहात नऊ. आणि कागदाच्या अगदी खाली, चौकटीत: 'व्हॅलिडिटी???'

चौकटीतली तीन प्रश्नचिन्हं

शक्यता मोजताना सगळे पर्सेंटाइल मोजतात. कागद कुणी मोजत नाही. ऋतुजाचं जातीचं प्रमाणपत्र होतं, ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं नॉन क्रीमी लेयरही होतं. जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. अर्ज केला होता, पण बारावीनंतर, मे महिन्यात. प्रवेशाला अर्जाची पावती चालते, मात्र ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र द्यावं लागतं. नाही दिलं तर त्या प्रवर्गातली जागा जाते.

थोडक्यात, तिच्या चारपैकी दोन दारांची किल्ली अजून आली नव्हती. आणि माझ्या हिशेबात वरच्या दोन दारांतून, म्हणजे खुल्या जागांतून, इन्स्ट्रुमेंटेशन जवळजवळ अशक्य होतं. मी विचारलं, अकरावीत असतानाच अर्ज का केला नाही? वडील म्हणाले, "कुनी सांगितलंच न्हाई." हे खरं असणार. शाळा-कॉलेजात सायन्सच्या मुलांचे अर्ज अकरावीतच भरून घेतात असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात नोटीस लागते, फाटते, आणि वर्ष निघून जातं.

"ते होतंय वो सर," वडील म्हणाले. मी चौथं प्रश्नचिन्ह काढलं.

कागदांचा दुसरा संबंध पैशांशी होता. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यामुळे खासगी आणि सरकारी यांतला फीचा फरक ऋतुजासाठी बराचसा संपला होता. ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे आदल्या वर्षापर्यंत 'परवडत नाही' म्हणून गावाजवळ थांबणाऱ्या मुलीही आता पुण्याच्या रांगेत आहेत, असं मला फॉर्म भरताना दिसत होतं. माझ्याकडे आलेल्या अकरा मुलींपैकी नऊ जणींनी पहिला पर्याय पुण्याचा टाकला होता. अकरा जणींवरून राज्याचा निष्कर्ष काढू नये. पण मी तो मनात ठेवायला हवा होता.

फेऱ्या

पहिली फेरी. पीआयसीटी, ईएनटीसी. चौथा पर्याय.

दहात सात म्हटलेलं इन्स्ट्रुमेंटेशन नाही. घरी पेढे, माझ्या पोटात खड्डा. रात्री वही काढून बसलो आणि चूक दिसली. २०२४ च्या एलएसईबीसीएस रकान्यातला नंबर ऋतुजाच्या नंबरापेक्षा बराच मागचा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मी बघितला होता तो शेवटच्या फेरीचा आकडा, आणि अंदाज लिहिला पहिल्या फेरीचा. त्याहून वाईट म्हणजे दोन जागांच्या रकान्यातल्या फरकाला मी चोवीस जागांच्या रकान्याएवढं वजन दिलं. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुण कापला असता.

पहिला क्रमांक नसल्याने जागा आपोआप फ्रीझ झाली नाही. ती स्वीकारून पुढच्या फेरीत सुधारणेची वाट बघता येत होती. हातातली जागा राहते, वरची मिळाली तरच ती सुटते. हे वडिलांना तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हंजे हातातलं सोडायचं न्हाई आन् पळत्याच्या मागं बी लागायचं." हो, या एका ठिकाणी तसं करता येतं.

दुसरी फेरी. पुन्हा पीआयसीटी. काहीच हललं नाही.

आता दबाव वाढला. मावसभावाने फोन करून सांगितलं, फ्रीझ कर, हॉस्टेल बघायला लाग. सल्लागाराचाही फोन आला म्हणे, "मी म्हणलो होतो." वडिलांचा माझ्याकडे जो फोन आला त्यात प्रश्न नव्हता, निर्णय होता: उद्या फ्रीझ करून टाकतो. मी म्हणालो, मुलीला विचारा. ऋतुजा फोनवर आली.

"सर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं काही मिळालं की फ्रीझच ना? मग थांबले तरी पीआयसीटी जात नाही. चौथ्यावर आहे ते. वाईटात वाईट हेच राहील."

बरोबर होतं. मी जे तीन वेळा सांगितलं होतं, ते तिने एका वाक्यात मांडलं. वडील थांबले.

तिसरी फेरी. सीओईपी, इन्स्ट्रुमेंटेशन. जागेचा प्रकार: एलएसईबीसीएस.

कुणीतरी एक मुलगी कुठेतरी दुसरीकडे गेली होती. तिचं नाव, गाव, कारण मला कधीच कळणार नाही. इलेक्ट्रिकल शेवटपर्यंत आलं नाही, ईएनटीसी तर नाहीच. मेकॅनिकलची गरज पडली नाही. 'दहात सात' शेवटी खरं झालं, पण मी ते माझ्या बाजूने मोजत नाही. पहिल्या फेरीसाठी ते दहात चार लिहायला हवं होतं. दुसऱ्या फेरीनंतर वडिलांनी फ्रीझ केलं असतं, तर माझ्या 'सात'ला काही अर्थ उरला नसता.

पावती

आता सगळं त्या पावतीवर होतं, कारण मिळालेली जागा एसईबीसीची होती. गंमत बघा, परीक्षा, पर्सेंटाइल, फेऱ्या, यादी यांवर आम्ही दोन महिने घासाघीस केली, आणि प्रवेश टिकणार की नाही हे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अडलं होतं. आजोबा ज्या गावात दुसरीपर्यंत शिकले, तिथली जिल्हा परिषदेची शाळा मधल्या काळात नव्या इमारतीत गेली होती. जुनं रजिस्टर सापडेना. वडिलांनी दुकान भावाकडे सोपवून सोलापूरच्या चार फेऱ्या केल्या. चुलत्याचा दाखला चालेल का, याची विचारणा झाली. एका कागदावर आडनावाची वेलांटी ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ. त्याचं प्रतिज्ञापत्र.

रजिस्टर शेवटी शाळेतच सापडलं. पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत, लोखंडी पेटीत. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः शोधून काढलं.

तोवर ऋतुजाचं पहिलं सत्र सुरू होऊन गेलं होतं. ती फोनवर वर्कशॉपचं, मेसचं, बोट क्लबचं सांगायची. व्हॅलिडिटीचं मी विचारायचो, ती म्हणायची, बाबांना माहिती. मुदत संपायला अकरा दिवस असताना व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली एक शब्द नाही. वैधता प्रमाणपत्र दुकानाच्या काउंटरवर ठेवून काढलेलं, शेजारी वजनकाट्याची कड, आणि कागद उडू नये म्हणून कोपऱ्यावर दाबून धरलेला वडिलांचा अंगठा.